परबकाकांचे पिकेटराव

आमच्या परबकाकांना सिनेमा बघताना गप्प बसता येत नाही. मधूनमधून शेरे मारणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. परबकाका सुरुवातीच्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत बोलतात. तेही मालवणीत, आणि तेही पडद्यावर जे आपल्याला धडधडीत दिसतंय तेच. "आता तो दरवाजो उघडता हा. टोपी काढल्यान. बायलेन पाठ फिरवल्यान. रागावलीसा वाटता."

अहो, आम्हालाही डोळे आहेत की! पण हे बोलायचं कोणी? नितीनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, बोलायला हवं. दोघे एकाच कंपनीत, एसीच्या मेंटेनन्समध्ये. पण काका त्याचे फोरमन, त्यामुळे नितीनचं तोंड कायमचं शिवलेलं. मग उरले मी. मी सातारची, त्यातून इथल्या इंडियन स्कूलमध्ये गणिताची शिक्षिका. मनात आलेलं तोंडावर यायला मला वेळ लागत नाही.

काका मस्कतच्या अल अमेरातला आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. एकटेच. काकू तिकडे कुडाळला, बहिणीकडे. दर शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की आमची बेल वाजणार. दारात काका, इस्त्रीचा शर्ट, हातात भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी, एका कानात इयरफोन अडकवलेला. "बाईनू, तुमचो टीव्ही मोठो, म्हणान इलंय," हे दर आठवड्याचं स्पष्टीकरण. जणू मधल्या सहा दिवसांत टीव्ही आक्रसला असता.

आणि सिनेमा कुठला? तर पिकेटरावांचा. दुसरा चालत नाही.

हे पिकेटराव म्हणजे हार्लन पिकेट, अमेरिकन नट. तुम्ही नाव ऐकलं नसेल. चेहरा मात्र शंभर टक्के पाहिलाय. हिरोचा म्हातारा मित्र, उद्या रिटायर होणारा पोलीस, खिशातून मुलीचा फोटो काढून दाखवणारा सैनिक. फोटो काढला की समजायचं, गेला. तो माणूस जन्मभर मरत आला. बुडून, जळून, गोळी लागून, एकदा तर हत्तीच्या पायाखाली.

त्यांचं चरित्र काकांना स्वतःच्या चरित्रापेक्षा चांगलं पाठ. मक्याच्या शेतांनी वेढलेल्या कुठल्याशा गावात जन्म. बापाचं चपला-बुटांचं दुकान, ते बुडालं. मग पिकेटराव फ्रिज दुरुस्त करायला शिकले. इथे काका हमखास थांबतात आणि छाती फुगवतात. "आमच्या लायनीतलो माणूस, बाईनू. गॅस भरूचो तो." कॅलिफोर्नियात एका स्टुडिओतला बंद पडलेला कूलर उघडून बसले असताना दिग्दर्शकाने त्यांचा चेहरा पाहिला आणि म्हणाला, हा माणूस मेला तर लोकांना मनापासून वाईट वाटेल. झालं, तिथून करिअर सुरू. एकदाच हिरोचं काम मिळालं, तो सिनेमा पडला. लोक म्हणे शेवटपर्यंत वाट बघत बसले, हा मरतो कधी.

एकदा मोठ्या बक्षिसासाठी नाव निघालं तेव्हा पिकेटराव बायकोला घरी ठेवून आईला घेऊन गेले. बक्षीस मिळालं नाही, आणि परत आले तोवर बायकोही घर सोडून गेली. "पण आवशीक न्हेल्यान मां!" काका म्हणतात. दुसरी बायको चांगली निघाली. तिच्याबरोबर त्यांनी डोंगरात बकऱ्या पाळल्या.

काकांच्या हॉलमध्ये गणपतीच्या तसबिरीशेजारी पिकेटरावांचा फोटो आहे. एकदा आमचे अर्बाब, म्हणजे बिल्डिंगचे ओमानी मालक, पाण्याची लाइन बघायला आले आणि विचारते झाले, "तुझा बाप?" काका म्हणाले, "बाप नाही, पण घरकाच आदमी है." तेव्हापासून अर्बाब जिन्यात भेटले की पहिली चौकशी अमेरिकेतल्या माणसाच्या तब्येतीची. काकाही पिकेटराव कालच फोनवर बोलल्यासारखे सांगतात, "ठीक आहे, गुडघे दुखतायत."

कहर झाला तो गणपतीत. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो आणि गाऱ्हाणं घालायचा मान काकांचा. त्या वर्षी पिकेटरावांची बायपास ठरल्याचं कुठेतरी छापून आलं होतं. काकांनी डोळे मिटले, हात जोडले आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"तिकडे अमेरिकेत आमचो पिकेट आसा, त्येच्या काळजाचा आपरेशन आसा. ता नीट पार पडांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची वायट नदर लागली आसात, ती दूर कर रे म्हाराजा! आणि खयच्या डायरेक्टरान त्येका पुढच्या पिक्चरात मारूचो इचार केलो आसात, तर त्येची बुद्धी फिरव रे म्हाराजा!"

नितीनने "व्हय म्हाराजा" म्हणता म्हणता उपरणं तोंडात कोंबलं. माझी लेक सई खुसखुसत म्हणाली, "मम्मा, बाप्पाला इंग्लिश फिल्म्स कळतात?" मी तिला डोळे वटारले, पण मलाच हसू आवरत नव्हतं. ऑपरेशन मात्र झकास पार पडलं. काकांनी अख्ख्या बिल्डिंगला शिरा वाटला.

एवढं सगळं मी हसून घेत होते. माझं डोकं फिरायचं ते एकाच गोष्टीने. काका सिनेमा चुकीचा सांगायचे! पडद्यावर पिकेटरावांच्या छातीत गोळी शिरलीय, डोळे मिटलेत, मागे व्हायोलिन वाजतंय, आणि हे म्हणतात, "खांद्याक लागली गो, खांद्याक! रगात येता हा, पण बोलता हा. ॲम्बुलन्स इली. न्हेल्यानी त्येका. आता बरो होतलो."

इतर वेळी या माणसाच्या तोंडी खलासशिवाय शब्द नाही. कंप्रेसर खलास, गॅस खलास, डब्यातली भाजी खलास. पण पिकेटराव? छे!

एका शुक्रवारी मी राहवेना म्हणून बोललेच. "अहो काका, मेला तो! त्याला पुरला, वर पाद्री येऊन गेला! कुठली ॲम्बुलन्स?"

काकांनी झटकन इयरफोनच्या वायरवरचं माइकचं बोंडूक मुठीत दाबून धरलं. माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की सांगता सोय नाही. मग हळूच म्हणाले, "बाईनू, ती आयकता हा."

"कोण ती?"

"आमची."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. साखरेने काकूंचे डोळे गेलेत हे मला माहीत होतं. पण दर शुक्रवारी आमच्याकडे अडीच वाजले की कुडाळात चार वाजतात, काकू चहा घेऊन पडवीत बसतात आणि त्यांचा नवरा मस्कतहून त्यांना सिनेमा दाखवतो, हे मला कोणी सांगितलं होतं?

त्या दिवशी सिनेमा संपल्यावर काकांनी सगळं सांगितलं. लग्नानंतर काकू इथे आल्या तेव्हा दोघं पहिलाच सिनेमा बघायला रुवीच्या थिएटरात गेली. त्यात पिकेटराव मेले. काकूंना इंग्रजी कळत नव्हतं, पण मेलेला माणूस कळायला इंग्रजी कशाला लागतं? घरी येऊन जेवेनात. 'एवढो चांगलो माणूस, त्येका कित्याक मारल्यानी?' शेवटी काकांनी ठोकून दिलं, अगो, इंग्रजीत म्हणत होते, हॉस्पिटलात नेलाय, वाचेल. तेव्हा कुठे बाई जेवली. "मगे दर पिक्चराक वाचवचो लागलो," काका म्हणाले. "डोळे गेले तसा सोपा झाला. आता मीच डायरेक्टर."

त्यानंतर मी तोंडाला कुलूप लावलं. गणिताच्या शिक्षिकेने डोळ्यांदेखत चुकीचं उत्तर ऐकून घ्यायचं म्हणजे काय यातना, ते माझं मला ठाऊक. पण सवय झाली. पुढे पुढे तर पिकेटराव कसे वाचणार याची मलाच उत्सुकता लागायला लागली. हत्तीच्या पायाखालून काकांनी त्यांना ज्या सफाईने काढलं, त्याला तोड नाही.

आणि मग मागच्या गुरुवारी मी शाळेतून आले तर काका आमच्या दारात उभे. कामावरचे कपडे अंगावर, हातात फोन.

"बाईनू," ते म्हणाले, "पिकेटराव..."

पुढचा शब्द येईना. एरवी तोंडात बसलेला तो 'खलास'. मीच फोन घेऊन वाचलं. झोपेत गेले होते, घरीच. वय झालेलंच होतं. मी काकांना आत बसवलं, पाणी दिलं. एका अनोळखी अमेरिकन माणसासाठी एक कोकणी फोरमन माझ्या सोफ्यावर बसून ओक्साबोक्शी रडला, आणि खरं सांगते, मला एकदाही हसू आलं नाही.

जरा सावरल्यावर म्हणाले, "हिका कळता नये. काय वाट्टेल ता झाला तरी. तिचा सगळा जग आता कानात आसा. दोन वर्षांत तिचो भाव गेलो, शेजारीण गेली, सगळी माणसा जातत म्हणता. एक पिकेट तरी रवांदे."

"मग उद्या सिनेमा नको," मी म्हटलं.

"नको कसा? बंद केलंय तर संशय येतलो. उद्या लावयाच. नेहमीसारखो."

संध्याकाळी अर्बाब जिन्यात भेटले. त्यांना कुठून कळलं देव जाणे. काकांचा हात हातात घेऊन त्यांनी घरच्या माणसासाठी करतात तसं दुःख व्यक्त केलं आणि खजुराचा डबा पाठवला.

शुक्रवारी अडीचला बेल वाजली. इस्त्रीचा शर्ट, शेंगदाणे, इयरफोन. डोळे मात्र सुजलेले. पिकेटरावांचा शेवटचा सिनेमा लावला. एक म्हातारा आपल्या जुन्या गावी परत येतो, एवढीच गोष्ट. बोलणं फार कमी. काका नेटाने सांगत होते. "आता घर इला. पायरेवर बसलो. बूट काढल्यान." आवाज नेहमीचा लागला होता. मला वाटलं, निभावलं.

शेवटी पिकेटराव खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात, बाहेर बघतात आणि बघता बघता मान कलते. बस्स. गोळी नाही, हत्ती नाही, काही नाही.

काकांनी तोंड उघडलं. "आता तो... आता..." आणि आवाज फुटेचना. मी नितीनकडे पाहिलं, तो जमिनीकडे बघत होता. काकांनी इयरफोन उपसून फोनसकट माझ्या हातात कोंबला आणि तोंडाला रुमाल लावून तडक आमच्या किचनमध्ये गेले.

मी इयरफोन कानाला लावला. तिकडून काकूंचा आवाज, "अवो? काय झाला? गप कित्याक ऱ्हवलात?"

"काकू, मी बाई बोलतेय, समोरची," मी म्हटलं. "काकांना जरा ठसका लागलाय. शेंगदाणे खातात ना."

"आणि तो? खुर्चेत बसललो तो?"

पडद्यावर नावं सरकत होती. उभ्या आयुष्यात मी फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलेलं नाही. "डुलकी लागली होती हो," मी ठणकावून म्हटलं. "उठला आता. चांगला टुणटुणीत आहे."

तिकडे काकू हळूच हसल्या.

"बाय, तू पण?"

"म्हणजे?"

"माका ठाऊक आसा गो. तो सगळ्या पिक्चरात मरता. भैनीच्या चेडवान, माज्या भाचीन, माका कधीच सांगल्यान. आणि आता खराच गेलो, ता पण काल तिनाच वाचून दाखवल्यान." काकूंनी श्वास घेतला. "पण ह्येंका सांगू नको हां. थंय एकटे रवतत. आठवडोभर मशिनी दुरुस्त करतत, आणि सुक्रवारी माज्यासाठी त्या माणसाक वाचवतत. कित्या युक्त्यो काढतत! ता आयकाक माका बरा वाटता. मी रडलंय तर ह्येंका जेवण जावचा नाय."

मी किचनकडे पाहून घेतलं. "नाही सांगणार," एवढंच म्हटलं.

"मगे सांग बगया," काकूंचा आवाज एकदम खणखणीत झाला. "उठलो, आणि काय केल्यान?"

मी डोळे पुसले आणि जे पहिलं सुचलं ते सांगितलं. "उठला, आणि चहा प्यायला बसला."

"चाय न्हय, बाईनू!" किचनच्या दारातून काका ओरडले. नाक लाल, रुमाल हातात, पण चेहऱ्यावर फोरमनचा राग. "कॉफी! काळी! पिकेटराव जन्मात कधी चाय पियाक नाय!"

कानात काकू खुदखुदत होत्या. मी शिक्षिका आहे, चूक दाखवली की दुरुस्त करते.

"चुकलं हो काकू," मी म्हटलं. "कॉफी. काळी."