हसल्याशिवाय आत सोडत नाही

फ्लूची साथ आली की मुलांच्या वॉर्डाच्या दारात बसणाऱ्या वॉचमनकाकांना भलताच हुरूप यायचा. खोकणाऱ्याला आत सोडायचं नाही, एवढाच नियम. पण भेटायला आलेली माणसं दारापुरता खोकला गिळतात, हे ओळखून काकांनी स्वतःचा उपाय काढला होता.

"हसून दाखवा."

"अहो, पोरगं आत तापानं फणफणलंय, हसू कसलं?"

"पोटातून हसा. नुसते दात नकोत."

माणूस कसनुसा हसायचा, दडवलेला खोकला बाहेर पडायचा आणि काका तृप्त होऊन म्हणायचे, "नापास!" एकदा तर मोठ्या डॉक्टरांनाही त्यांनी उलट्या पावली पाठवलं होतं.

आणि मग काकांचीच नात, टिल्ली, फ्लूनं त्याच वॉर्डात दाखल झाली. औषध दिसलं की ती ओठ घट्ट मिटायची. आजोबांनी कडू औषध प्यायल्यासारखं तोंड वेडंवाकडं करायचं, तिनं मनसोक्त हसून घ्यायचं, मगच चमचा तोंडात. दुसरं कुणाचंही तोंड चालत नसे.

सकाळी विहीणबाई, म्हणजे टिल्लीच्या आईची आई, नातीला भेटायला आल्या.

"हसा, विहीणबाई."

"मी तिची सख्खी आजी आहे!"

"आजीलाही सूट नाही."

विहीणबाई रागारागानं हसल्या आणि त्यांना ठसका लागला.

"ठसका आहे हो हा!"

"ठसका म्हणजे खोकल्याचा सख्खा भाऊ. नापास."

विहीणबाई घरी गेल्या नाहीत. इतर नापासांबरोबर समोरच्या बाकावर ठाण मांडून बसल्या. दुपारी औषधाची वेळ झाली, काका लगबगीनं आत निघाले, तशा त्या आडव्या आल्या.

"व्याही, हसा."

"मी? माझी ड्यूटी आहे इथं!"

"पोटातून हसा. नुसते दात नकोत."

अख्खा बाक उठून उभा राहिला. काका ऐटीत "हा हा" म्हणाले आणि तिसऱ्या "हा"ला असे खोकले की टोपी खाली पडली. "नापास!" बाक एका सुरात ओरडला. सिस्टरनी थर्मामीटर लावला. ताप निघाला. विहीणबाई मात्र पोट धरधरून हसत होत्या आणि एकदाही खोकल्या नाहीत. सिस्टरनी त्यांना आत घेतलं.

काकांचा जीव टिल्लीच्या चमच्यात अडकला होता. ते इमारतीला वळसा घालून बागेच्या बाजूला गेले आणि बंद खिडकीच्या काचेपलीकडून त्यांनी तोंड वाकडं केलं. टिल्ली हसली. शेजारची खाटही हसली. सगळी रांग हसली, खोकली आणि मुकाट औषध प्यायली. त्या दिवसापासून औषधाच्या वेळी खिडकीत काका हवेतच, असा पोरांनी हट्टच धरला.

आणि एका सकाळी टिल्ली खळखळून हसली. काका कान देऊन ऐकत होते. खोकला आलाच नाही.

"पास!" काका बागेत ओरडले. सिस्टरनी मान डोलावली; टिल्लीला घरी सोडणार होते. काकांना इतका आनंद झाला की डोळे पुसत पुसत ते पोटातून हसले, आणि हसता हसता खोकले.

आतून काचेवर इवल्या मुठी आपटल्या. "आजोबा नापास!"

विहीणबाई नातीला कडेवर घेऊन बाहेर आल्या आणि बऱ्याच लांब उभ्या राहिल्या.

"व्याही, टिल्लीला माझ्याकडे नेते. खोकला गेला की या भेटायला," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "दारात मीच बसलेली असेन."