एकोणीस किलो जास्त

सगळी बेरीज तीनदा करून झाली, तरी नव्या गाडीत भावजी बसत नव्हते.

तसे ते शोरूममध्ये गाडीच्या दारातून आत शिरले होते, सीटवर ऐसपैस मावलेही होते. पण गाडीच्या कागदांवर छापलं होतं की माणसं धरून तिच्यात एकूण सहाशे पंधरा किलो वजन चालेल, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मेहुण्याने मांडलेली बेरीज दर वेळी सहाशे चौतीस येत होती.

"पाणी साडेतीनशे लिटर, म्हणजे साडेतीनशे किलो," मेहुणा एकेका आकड्याला पेन्सिल टोचत म्हणाला. "टाकी आणि तिची चौकट तीस. पंप न् बॅटरी पंचवीस. पाइपाचं रीळ वीस. शिडी पंधरा. दांडे दहा. बादल्या, फडकी, वायपर मिळून दहा. मी बासष्ट."

"आणि मी एकशे बारा," भावजी म्हणाले.

"तेच तर म्हणतोय मी."

दोघांचा खिडक्या धुण्याचा धंदा होता. भावजी म्हणजे ताईचे यजमान, मेहुणा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. भावजी लांब दांडा धरून तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या काचा घासत आणि मेहुणा मागे उभा राहून "भावजी, डावीकडे राहिलं!" असं ओरडे. नऊ वर्षं तो असं ओरडत असल्यामुळे गिऱ्हाईकंही त्यांना भावजीच म्हणत. फोन आणि कामाच्या वेळा ताई सांभाळायची.

जुनी गाडी महिन्यापूर्वी दातांच्या दवाखान्यासमोर खाली बसली होती. मागच्या चाकांवरचा स्प्रिंगचा पाटा तुटला, टाकी कलंडली आणि साडेतीनशे लिटर पाणी पायऱ्या उतरून थेट तळघरातल्या दवाखान्यात गेलं. आत खुर्चीवर तोंड उघडून पडलेल्या बाईंना काय झालं ते विचारताही येईना. त्यांनी नुसते पाय वर घेतले. गॅरेजवाल्याने गाडीखाली डोकावून सांगितलं, "गाडी तुटलेली नाही, तुम्ही तोडलीय. किती वर्षं दुप्पट लोड भरताय?"

म्हणून या वेळी किलोकिलोचा विचार चालला होता. शोरूममधली मोठी गाडी आठशे किलो उचलत होती, पण ती त्यांच्या कामाच्या निम्म्या गल्ल्यांत वळली नसती. तेव्हा गाडी लहानच घ्यायची आणि एकोणीस किलो कुठूनतरी कमी करायचे, असं ठरलं.

आधी पाणी कमी करून पाहिलं. भाड्याच्या गाडीत वीस लिटर कमी भरून दोघे शाळेत गेले. शेवटच्या तीन खिडक्यांना वरचा अर्धा भाग लखलखीत झाला आणि पाणी संपलं. मुख्याध्यापिका मैदानात उभ्या राहून बराच वेळ त्या खिडक्यांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "आधी सगळ्याच मळक्या होत्या. कुणाच्या लक्षात तरी येत नव्हतं."

मग शिडी घरी ठेवली. नेमकी त्याच दिवशी एका वकिलाच्या जिन्यावरची झरोक्याची काच पुसायची निघाली. तिथे दांडा वळेना. मेहुणा म्हणाला, "भावजी, तुमच्या खांद्यावर उभा राहतो. मागे नव्हतो का राहिलो?" तो चढला. भावजींचे पाय थरथरले, गुडघे वाकले आणि दोघेही वकिलाच्या कुंड्यांवर आले.

"गुडघे गेले तुमचे," मेहुणा अंगावरची माती झटकत म्हणाला. "एवढं वजन वागवायचं म्हणजे होणारच."

 भावजी कुंडीच्या काठावर बसून नुसते श्वास घेत राहिले.

त्या संध्याकाळी मेहुण्याने तोंड उघडलं. "एक सुचवू का? राग मानू नका. तुम्ही बसने या."

"काय?"

"म्हणजे सामान आणि मी गाडीने पुढे जातो. तुम्ही मागून बसने."

"धंदा मी सुरू केला, गाडीवर नाव माझं पडणार, आणि मी बसने?"

"मग वजन तरी कमी करा! एवढं काय अवघड आहे?"

वजन कमी करायचं काम ताईने हातात घेतलं. दुसऱ्या दिवसापासून भावजींच्या ताटात उकडलेल्या भाज्या आल्या. दुसऱ्यांदा वाढणं बंद झालं. कपाटातला गोडाचा डबा कुलपात गेला. आरडाओरडा होणार म्हणून ताई पदर खोचून तयारच होती. पण भावजी मुकाट्याने चार घास खात आणि ताट बाजूला सारत. "बघ, मनावर घेतलंय त्यांनी," ती भावाला म्हणाली. भावालाही समाधान वाटलं. एरवी थंडी सोसणारे भावजी हल्ली कोटाच्या आतून दोन स्वेटर घालत होते, गालभर दाढीही राखली होती. पण त्यांच्या मनात काहीतरी येतं आणि जातं, हे घरात सगळ्यांना सवयीचं होतं.

दोन आठवड्यांनी मेहुणा गाडी पक्की करायला गेला, तर विक्रेता म्हणाला, "अंदाजाने घेऊ नका साहेब. सामान आणि माणसं, सगळं काट्यावर घालून या. नंतर पाटा तुटला की लोक मला शिव्या देतात."

काटा भंगारवाल्याकडे होता. जमिनीलगत लोखंडी पत्रा आणि भिंतीवर लाल आकड्यांची पाटी. रविवारी सकाळी तिघे सगळं सामान घेऊन तिथे गेले. टाकी, पंप, रीळ, शिडी, एकेक वस्तू पत्र्यावर चढली आणि मेहुण्याचा एकही आकडा चुकला नाही. मेहुणा स्वतः चढला, बरोब्बर बासष्ट.

"भावजी, या."

"माझं काय बघायचंय? एकशे बारा. गेल्या वर्षीच केलंय."

"अहो, दोन आठवडे उकडलेलं खाल्लंत ते फुकट का?" ताई म्हणाली. "चढा बरं."

"आलो. जरा लघवीला जाऊन येतो."

ते भंगाराच्या ढिगामागे गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आले ते पाय फाकवून, जपून चालत, आणि पावलागणिक अंगातून खुळखुळ असा आवाज येत होता. ते पत्र्यावर उभे राहिले. पाटीवर आकडा आला, एकशे आठ.

"चार किलो उतरले!" मेहुण्याने टाळी वाजवली. "ताई, लागू पडलं!"

तेवढ्यात भावजींची पँट खाली आली.

सावकाश नाही, एकदम धाडकन आली, आणि घोट्यांपाशी लोखंडाचा ढीग पडल्यासारखा आवाज झाला. भंगारवाला धावत आला, वाकला आणि पँटच्या खिशातून एक नट काढून त्याने उजेडात धरला.

"हा माझा माल आहे!"

"तुमचाच आहे," भावजी खालच्या आवाजात म्हणाले. "परत ठेवणारच होतो."

भंगारवाल्याने खिसे उपसायला सुरुवात केली. मुठीएवढे नट निघाले, साखळीचा तुकडा निघाला, पाटीवर एकशे तीन झाले. कोटाच्या एका खिशातून पितळी नळ निघाला, दुसऱ्यातून कप्पी, अठ्ठ्याण्णव. "लाज नाही वाटत? या वयात!" असं म्हणत त्याने स्वेटरच्या आतून लोखंडी बिजागऱ्यांची जुडी ओढून काढली आणि आकडा एक्क्याण्णववर येऊन थांबला.

मेहुण्याच्या डोक्यात बेरीज आपोआप झाली. "एक्क्याण्णव! म्हणजे सहाशे तेरा! ताई, बसतंय! वर दोन किलो उरतायत, डबेसुद्धा नेता येतील..."

ताई पाटीकडे बघतच नव्हती. ती नवऱ्याच्या पायांकडे बघत होती. खाली पडलेल्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली पाच नवी भोकं होती. ती त्यांच्यापाशी गेली, पँट वर केली आणि लहान मुलाची धरावी तशी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून," भावजी म्हणाले.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"नाही."

"का नाही?"

"दाखवलं की ते सांगतील ना."

 भंगारवाल्याच्या हातात अजून बिजागऱ्या होत्या. त्या कुठे ठेवाव्यात ते त्याला सुचेना. शेवटी त्याने आपली खुर्ची आणून भावजींच्या मागे ठेवली आणि हळूच म्हणाला, "बसा साहेब. काट्याचं काही देऊ नका." मेहुण्याच्या मुठीत बेरजेचा कागद होता. गेले दोन आठवडे आपण या माणसाच्या ताटातलं मोजत होतो, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने कागद चुरगळून खिशात कोंबला.

पुढचं भराभर झालं. आतड्यात गाठ निघाली. डॉक्टर फार बोलणारे नव्हते. त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढलं, गाठीच्या जागी गोल केला आणि म्हणाले, "उशीर केलात." ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विक्रेत्याचा फोन आला. लहान गाडीला दुसरं गिऱ्हाईक होतं, आजच काय ते कळवा. मेहुणा एकटाच गेला, तासाभराने परत आला आणि कुणाला काही बोलला नाही.

ऑपरेशन झालं. गाठ काढली. आजूबाजूला किती पसरलंय ते तपासणीला पाठवलेल्या तुकड्यांवरून कळणार होतं. तिसऱ्या दिवशी भावजी उशीला टेकून बसले. दाढी काढलेली होती. त्या तोंडाकडे एकदम बघायची कुणाला सवय नव्हती.

"गाडीचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"घेतली," मेहुणा म्हणाला. "मोठी."

"मोठी? लहानीत बसत होतं की!"

"बसत होतं. तुम्ही असेच वाळलेले राहणार असाल तर."

"आणि गल्ल्यांत वळायची कशी?"

"तोंडाशी लावीन. पाइप ओढत नेईन आत."

भावजी बराच वेळ चादरीवरची सुरकुती सपाट करत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "एवढी मोठी घेतलीस, आणि मी नसलोच तर?"

ताई खिडकीकडे वळली. मेहुण्याला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. त्याने घसा खाकरला, दोनदा तोंड उघडलं आणि जे आलं ते बोलला.

"तर तेवढं पाणी जास्त भरेन."

ताईने कपाळाला हात लावला. भावजींनी मान वर करून मेहुण्याकडे पाहिलं आणि त्यांच्या गळ्यातून एक विचित्र आवाज आला. रडतायत असं वाटून ताई धावली. ते हसत होते. दोन्ही हातांनी पोट दाबून, "आई गं, टाके! आई गं!" करत हसत होते. शेजारच्या खाटेवरचे आजोबा काहीही न कळता हसायला लागले. नर्स आली, तिने मेहुण्याला दंडाला धरलं. "त्यांना हसवायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना? बाहेर व्हा."

मेहुणा बाहेर गेला आणि नर्सची पाठ फिरताच त्याने दारातून डोकं आत घातलं.

"बुधवारी येतेय गाडी."

रिपोर्ट गुरुवारी यायचा होता. 

"रंग कुठला?" भावजींनी डोळे पुसत विचारलं.

"पांढरा."

"अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पांढऱ्यावर शिंतोडासुद्धा दिसतो. रोज धुवायला लागेल. कोण धुणार?"

"तुम्ही," असं म्हणून मेहुण्याने दार ओढून घेतलं.