चोवीस माणसांचं पातेलं

कोन्सोलनं पातेल्याचं झाकण तिसऱ्यांदा उघडून पाहिलं. सकाळी आत सहा किलो तितैना होती, आताही तेवढीच होती. टोमॅटो, ढोबळी मिरची, चिलगोजे आणि खारवलेला टूना, दोन तास मंद आचेवर शिजलेलं. चोवीस खांदेकरी, माणशी अडीचशे ग्रॅम. तीस वर्षं औषधांच्या दुकानात तराजूपुढे उभं राहिल्यामुळे ‘अंदाजे’ हा शब्द तिला सहन होत नसे.

बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या जागी ख्रिस्त उभा होता. टीव्ही झोपायच्या खोलीत गेला होता, सोफा अंगणात गेला होता, आणि नवरा क्विको दोघांच्या मागे इकडून तिकडे फिरत होता. काबान्याल या समुद्रकाठच्या वस्तीत ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात मंडळाचा लाकडी ख्रिस्त चर्चमध्ये राहत नाही, सभासदाच्या घरी राहतो. कुणाच्या, ते चिठ्ठी टाकून ठरतं. कोन्सोलची चिठ्ठी एकोणीस वर्षांनी निघाली होती. शनिवारपासून दार उघडं होतं आणि आज, गुड फ्रायडेला, मिरवणूक निघेपर्यंत ते लावायचं नव्हतं. येईल त्यानं दर्शन घ्यायचं, घरच्यांनी त्याच्या हातावर घासभर काही ठेवायचं. आणि मिरवणुकीत ख्रिस्ताला उचलणाऱ्या चोवीस जणांना त्याआधी, संध्याकाळी पाच वाजता, पोटभर जेवू घालायचं.

अकरा वर्षांपूर्वी सेन्तो नावाच्या सभासदाच्या घरी खांदेकऱ्यांना पाव कमी पडला होता. तेव्हापासून सेन्तोची चिठ्ठी दरवर्षी डब्यात पडते, पण निघत मात्र नाही. डब्यात हात घालतात ते मंडळाचे अध्यक्ष ओनोफ्रेसाहेब.

बारा वाजून गेल्यावर एक डच जोडपं आत आलं. दोघंही उन्हानं लाल झालेले. त्यांनी ख्रिस्ताकडे पाहिलं, मग पांढरा कपडा घातलेल्या टेबलाकडे पाहिलं, आणि खुर्च्या ओढून बसले.

“बिचारे किती लांबून दर्शनाला आलेत,” कोन्सोल म्हणाली.

“त्याच्याकडे पाठ करून बसलेत,” क्विको म्हणाला.

रीत म्हणून तिनं दोघांना चमचा-चमचा वाढलं. त्यांनी ताटली पावानं पुसून स्वच्छ केली आणि पुढे धरली. कोन्सोल पाणी आणायला आत गेली तेवढ्यात क्विकोनं वाढलं. क्विको बंदरात क्रेन चालवायचा. एका खेपेत जेवढं उचलेल तेवढं उचलायचं, ही सवय हातातून गेली नव्हती. बाईनं ताटलीचा फोटो काढला, मग ख्रिस्ताचा, मग क्विकोचा.

जाताना पुरुषानं ताटलीखाली वीस युरोंची नोट ठेवली. कोन्सोल ती घेऊन दारापर्यंत धावली. त्याला वाटलं कमी पडले, त्यानं आणखी दहा दिले. तिनं तीसही युरो त्याच्या खिशात कोंबले. तो छातीवर हात ठेवून वाकला आणि बायकोला काहीतरी सांगत निघून गेला.

अर्ध्या तासानं चौघं आले. पुढच्या बाईच्या हातात फोन होता आणि फोनवर कोन्सोलची ताटली.

 कोन्सोलनं हातवाऱ्यांनी सांगायचा प्रयत्न केला, हे घर आहे, हा ख्रिस्त आहे. चौघांनी उठून ख्रिस्ताला नीट न्याहाळलं, माना डोलावल्या आणि पुन्हा बसले.

“त्यांना सांग की हे खांदेकऱ्यांचं आहे,” ती क्विकोला म्हणाली.

“बसलेल्या माणसाला उठवू? ख्रिस्तासमोर?” क्विकोनं खांद्यावर नॅपकिन टाकला होता. “अगं, चार घास खातील. तुझं काय जातंय?”

“तीनशे ग्रॅम. तू वाढलंस की दर वेळी तीनशे ग्रॅम जातंय माझं.”

दोनपर्यंत पातेलं निम्मं झालं. शेजारची फेर्मिना कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

“कोन्सोल, खानावळ टाकलीस आणि मला कळवलंसुद्धा नाहीस.”

“खानावळ नाही गं. येतात आणि बसतात.”

“मग दार लाव.”

“आज? तो आत असताना?”

फेर्मिनाला ते पटलं. “मग पातेलं लपव.”

“पलंगाखाली लपवलं होतं. ह्यानं शोधून काढलं.”

“टीव्ही बघायला गेलो तर वास आला,” क्विको म्हणाला.

शेवटी पाटी लावायची असं ठरलं. कोन्सोलनं मजकूर सांगितला: हे खासगी घर आहे, इथे जेवण विकत मिळत नाही, दर्शनाला अवश्य यावं. पण इंग्रजी लिहिता येणारा घरात एकटा क्विको. ते इंग्रजी तो बंदरात परदेशी खलाशांकडून शिकला होता, त्यामुळे त्यात सभ्य शब्द थोडेच होते. बराच वेळ पेन्सिल चावून त्यानं खोक्याच्या पुठ्ठ्यावर दोन ओळी लिहिल्या: ‘घर. पैसे नाही.’

पाटी दाराला लावली आणि आतापर्यंत जे नुसतेच डोकावून पुढे जात होते तेही आत शिरले. तीन वाजता रांग कोपऱ्यावरच्या निळ्या टाइल्सच्या घरापर्यंत गेली. शिस्तीची रांग. कोन्सोलला वाटलं, घुसाघुशी झाली असती तर निदान ओरडता तरी आलं असतं. तिनं पाटी काढली, तेव्हा रांगेतल्या एका जर्मन माणसानं ती तिच्या हातातून हळूच घेतली आणि वाऱ्यानं पडली असावी अशा समजुतीनं पुन्हा घट्ट लावून दिली.

साडेचारला चमचा पातेल्याच्या बुडाला लागला.

मंडई बंद होती. ओळखीच्या तिन्ही दुकानांना कुलूप होतं. फेर्मिनानं चार अंडी आणि पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा आणून ठेवल्या. “चोवीस जणांत चार अंडी,” ती म्हणाली. हिशोब करायची सवय कोन्सोलला होती. माणशी अंड्याचा सहावा भाग. ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आणि रिकाम्या पातेल्याकडे बघत राहिली. एकोणीस वर्षं. तिला डब्यातली आपली चिठ्ठी दिसत होती, सेन्तोच्या चिठ्ठीला चिकटून बसलेली.

तेवढ्यात दुपारची डच बाई कार्नेशनची फुलं घेऊन परत आली. ख्रिस्तापुढे ठेवायला आणली असावीत. तिनं कोन्सोलला पाहिलं, पातेलं पाहिलं. कोन्सोलला कुणाला तरी सांगायचंच होतं, समोरच्याला भाषा कळत नसली तरी. तिनं बोटांनी चोवीस दाखवले, खांदा थोपटला, घड्याळात पाच दाखवले आणि पातेलं उपडं करून धरलं. बाईचा चेहरा उतरला. तिनं फुलं स्टुलावर ठेवली, दारातल्या नवऱ्याला दंडाला धरून ओढलं आणि दोघं दिसेनासे झाले.

“पळाले,” फेर्मिना म्हणाली.

“पळू दे. दोघं तरी कमी झाले.”

बरोबर पाच वाजता ओनोफ्रेसाहेब आले. मागे जांभळ्या झग्यांतले चोवीस खांदेकरी. पण दारापर्यंत पोचण्याआधीच त्या जर्मन माणसानं त्यांना अदबीनं थांबवलं आणि रांगेचं शेवटचं टोक दाखवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे ओनोफ्रेसाहेब उपाशीपोटी पहाटे समुद्रावर प्रार्थनेला जाऊन आले होते. त्यांनी जर्मन माणसाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि जाऊन शेवटी उभे राहिले. त्यांच्यामागे चोवीस जण उभे राहिले.

हे कोन्सोलला खिडकीतून दिसलं. ती बाहेर धावली आणि ओनोफ्रेसाहेबांना हाताला धरून आत घेऊन आली, मागोमाग चोवीस जणही आले.

“कोन्सोल,” खुर्चीवर टेकत ओनोफ्रेसाहेब म्हणाले, “ही एवढी माणसं दर्शनाला?”

“दर्शन घेतलं सगळ्यांनी,” ती म्हणाली. हे खरं होतं.

“छान. पोरांना वाढ. तासाभरात निघायचंय.”

कोन्सोलनं तोंड उघडलं. सगळं सांगून टाकायचं, पाटीसकट, असं तिनं ठरवलं. पण तेवढ्यात बाहेर रांगेत गडबड झाली. डोक्यांवरून, हातांवरून, एकामागून एक चपटे खोके सरकत आत येऊ लागले. अकरा खोके. सगळ्यात शेवटी, घामानं निथळत, डच जोडपं. बाईनं कोन्सोलला बोटांनी चोवीस दाखवले आणि खोक्यांकडे हात केला.

क्विकोनं पहिला खोका उघडला. पिझ्झा होता. मोठा, गरम, चीज अजून हलत होतं. आणि त्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हॅमचे गुलाबी गोल तुकडे.

त्यानं दुसरा उघडला. तिसरा. सगळ्यांवर तेच.

 गुड फ्रायडेला मासा चालतो, पण मांसाला या घरात काय, या गल्लीतही कधी कुणी शिवलं नव्हतं. चोवीस जण खोक्यांकडे बघत होते आणि मग ओनोफ्रेसाहेबांकडे. कुणाचं तरी पोट मोठ्यानं गुरगुरलं. डच बाई हसऱ्या चेहऱ्यानं सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होती आणि तिचं हसू हळूहळू विरत चाललं होतं.

ओनोफ्रेसाहेबांनी हॅमचा एक तुकडा दोन बोटांत उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

“कोन्सोल, हे काय आहे?”

कोन्सोलनं तीस वर्षांत चुकीचं नाव लिहिलेली एक पुडीसुद्धा कुणाच्या हातात दिली नव्हती. तिनं डच बाईकडे पाहिलं.

“मासा,” ती म्हणाली.

“कुठला?”

“उत्तरेकडचा. हे लोक तिकडूनच आलेत.”

ओनोफ्रेसाहेबांनी मान वळवून ख्रिस्ताकडे पाहिलं. घडवणाऱ्यानं त्याचं तोंड पहिल्यापासूनच दुसरीकडे वळवलेलं होतं. त्यांनी तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून बराच वेळ चावला. 

“मऊ आहे,” ते म्हणाले. “काटा अजिबात नाही.”

मग खोके हातोहात फिरले. ओनोफ्रेसाहेबांनी दुसरा तुकडा घेतला, डच पुरुषाला शेजारची खुर्ची दिली आणि कोन्सोलकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “पुढच्या वर्षी हा मासा जरा जास्त मागव.”