गाव कुठलं, पावणं?

पेशंट खुर्चीत टेकला की कांबळेसरांचा पहिला प्रश्न ठरलेला, "गाव कुठलं, पावणं?" दुखणं मागनं. गडहिंग्लज म्हटलं की मिरचीचा दर निघायचा. मुरगूड तर सरांचंच गाव, मग बाहेरची रांग गेली खड्ड्यात. मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत मी शेजारच्या टेबलावर. माझे चार पेशंट व्हायचे तरी यांचा पहिला अजून सासुरवाडीतच. "सर, आटपा की," म्हटलं तर म्हणायचे, "बाई, गाव सांगताना माणूस श्वास सोडतो. त्याआधी छातीला हात लावून उपयोग न्हाय."

विद्यार्थ्यांनाही तेच. परीक्षेत गाव विचारायचं राहिलं की पोरगं नापास.

हे वेड पटलं नाही ते घरच्याच पोराला. सतीश कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला निघाला. "माणसाला हात न लावता कसला रं धंदा?" असं सर बोलून बसले, ते त्याला लागलं. त्याचा फोन यायचा तो आईला. ती गेली आणि फोनही बंद झाला. सर शाहूपुरीतल्या घरात एकटे. आपण होऊन फोन करतील तर शपथ. पण अमेरिकेहून कुणी आलंय असं कळलं की त्याला चहाला धरून आणायचे.

सर रिटायर झाल्यावर सतीशच्या कंपनीचं यंत्र आमच्या कॉलेजात आलं. टांग्याच्या घोड्याला झापडं बांधतात तसा चष्मा डोळ्यांवर चढवला की खोटा वॉर्ड दिसायचा, खाटेवर खोटा पेशंट. समोर उमटलेल्या प्रश्नांतला एक बटणानं निवडायचा, मग तो बोलणार. आमचा काही बोलेना. पोरं 'कुठं दुखतंय' विचारायची, हा नुसता कण्हायचा. यंत्र परत पाठवायचं ठरलं. मी सरांना फोन लावला, "तुमच्या पोराचं यंत्र बिघडलंय."

"मी काय मेकॅनिक हाय?" म्हणाले. आणि इस्त्रीचा शर्ट घालून हजर.

चष्मा चढवला. तळवे चोळून गरम केले, नाडी बघायला हात पुढं केला आणि माझंच मनगट धरलं. पोरं हसली. "सर, प्रश्न निवडा, बटण दाबा," मी म्हटलं. सर प्रश्न वाचत गेले आणि थांबले. बाजूच्या पडद्यावर आम्हालाही दिसत होतं. सगळ्यात खाली एक प्रश्न होता. त्याला मार्क नव्हते, म्हणून कुणी निवडलाच नव्हता. 'गाव कुठलं, पावणं?'

सरांनी बटण दाबलं.

खाटेवरच्यानं मोठा श्वास सोडला. "मुरगूड, डॉक्टर. आता सांगतो कुठं दुखतंय ते."

आवाज सतीशचा होता. पोर माझ्या डोळ्यांदेखत वाढलेलं, मी कशी विसरेन?

सरांनी पुन्हा तेच बटण दाबलं. पुन्हा मुरगूड. मग हात पुढं केला, त्याच्या कपाळाच्या उंचीवर. तो हवेतच राहिला.

"हात लागत न्हाय, बाई," सर म्हणाले. चष्मा अजून डोळ्यांवरच होता. "त्याला फोन लावून द्या की. कुठं दुखतंय, ते माझं विचारायचं राहिलंय."