चार ओमची हळद

हरेशदादा माणसं ओममध्ये, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याच्या मापात, मोजतात. हट्टाला पेटलेला माणूस सोळाचा, सांगाल तसा वाकणारा चारचा. काशीमीऱ्याला त्यांच्या साउंडच्या गोडाउनात मी काम मागायला गेलो, तेव्हा घाईघाईत पाण्याचा ग्लास सांडला. "हा तं दोनचा. लगेच गरम होतो," म्हणाले, आणि मला कामावर ठेवून घेतलं. ते उपकार मी विसरणार नाही.

माझी शाळा सातवीत सुटलेली. स्पीकरच्या बॉक्सच्या पाठीवरची ओमची Ω ही खूण मला घोड्याची नाल वाटायची. दृष्ट लागू नये म्हणून काढत असतील. हे ऐकून दादा हसले नाहीत. खडू घेऊन फरशीवर बसले.

"ऐक, हिंगोली." मला ते गावाच्या नावानेच हाक मारतात. "आठ ओमचा एक बॉक्स मशीनकडून, म्हंजे ॲम्प्लिफायरकडून, शंभर वॅट घेतो. बाजूला तसाच दुसरा समांतर जोडला, की आठाचे झाले चार. मशीन देतं दोनशे. पहिल्याचं कमी होत न्हाय, दुसऱ्यालाही तेवढंच. ओढ सगळी मशीनला. तिसरा लावलास तं जळंल. आपलं मशीन चारच्या खाली जात न्हाय!"

हे गणित त्यांनी भटजींना ऐकवलंय, घोड्यावर बसलेल्या नवरदेवालाही.

परवा तारोडीला त्यांच्या भाचीची हळद होती. पोरीला वाढवलं दादांच्या आईने. त्या आजींना आता ऐकू येत नाही, खाटेवरून उठवत नाही. सकाळपासून एकच विचारणं, "वाजतंय काय रं?" दादा होय म्हणून मान हलवायचे. आजींना ते खरं वाटायचं नाही.

मांडवात दोन बॉक्स, नाच रंगात. मी भीतभीत म्हटलं, "दादा, तिसरा आणू? आजींच्या खाटेपाशी ठेवू."

"चारच्या खाली?"

दादांनी मांडवातल्या दोन्ही बॉक्सकडे पाहिलं. मग भर नाचात मशीन बंद केलं. मांडवातला एक बॉक्स सोडवला, लांब वायर जोडली. आम्ही दोघांनी तो आत नेऊन खाटेला टेकवला.

मशीन सुरू झालं तशी पोरं ओरडली, "ओ मामा, आवाज मेला! भाचीच्या हळदीत कंजूषी?"

आता मार पडतोय, या धास्तीने मी दाराआड उभा.

"लोड बरोबर हाय," दादा एवढंच म्हणाले.

आजींनी खाटेच्या थरथरणाऱ्या लाकडावर तळवा टेकला. बराच वेळ तसाच ठेवला. मग डोळे मिटून, मोठ्या आवाजात, त्यांनी हळदीचं जुनं गाणं धरलं. बाहेरचं गाणं वेगळं, ताल वेगळा. दादा जमिनीवर बसले आणि आजींच्या मागे म्हणू लागले.