लाकडी वाटेवरची दर्शनरांग

वाचकहो, गेल्या हिवाळ्यात नववीतली मी, संस्कृती, आख्ख्या जिल्ह्यातली सगळ्यात भारी गाईड होणार होते! गारखेड्यातल्या आमच्या घरापासून तासाभरावर, नदीच्या घळीत, कड्याला लागून नवी लाकडी पायवाट झाली होती. तिथं शाळकरी गाईड हवा होता. बिल्ला एकच! वनरक्षक बद्रीनाथकाका माझी पहिली फेरी बघून तो द्यायचा का ते ठरवणार होते. भाषण मी इतकं घोकलं होतं, की झोपेतही "डावीकडं बघा" म्हणायचे!

"नमस्कार! हा काळा खडक म्हणजे..."

गटात सगळ्यांत पुढं होत्या जवळच्याच गावच्या, पंच्याहत्तरीच्या आवडाबाई. त्यांनी खालचा डोह बघितला आणि चपला काढून हात जोडले!

"आजी, चपला घाला ना. पायात कुसळ जाईल."

"आसरांचा डोह हाय, बाई. चपला घालून जात्यात व्हय?"

आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी, एवढं मला ठाऊक होतं. मागच्यांनाही होतं! पटापट चपला निघाल्या. तेवढ्यात वाळूजच्या कुठल्याशा कंपनीची सहलीची बस येऊन थडकली. दोन्हीकडं कठडे, मधी अनवाणी माणसं! त्यांनी बरोब्बर ओळखलं: दर्शनरांग!

"लई जागृत ठिकाण दिसतंय!" एकजण म्हणाला. दुसऱ्यानं नैवेद्याला डब्यातला दहीभात काढला. तिसऱ्यानं तर ड्रायव्हरला नारळ आणायला पिटाळलं!

मी ओरडले, "अहो, इथं मंदिर नाहीये! खडक बघा! पक्षी बघा!"

"ए पोरी, मधी घुसू नको. लाईनीत ये!"

"मी गाईड आहे!"

"असशील. आमी काय येडे हाव? मागं हो!"

माझ्याच फेरीत माझा नंबर साठावा! धापा टाकत मी वाटेच्या टोकाच्या सज्ज्यावर पोचले, तर तिथं नुसता गलका.

"मूर्ती कुठंय?"

"मूर्ती कशाची आलीय?" आवडाबाई कठड्याला टेकल्या. "त्यो धोंडा दिसतोय ना, तिथं आमी गोधड्या धुवायचो. माय माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधायची अन् द्यायची ढकलून! तशीच पोहायला शिकले. आसरांला ठेवलेला दहीभात मागून आमीच पोरी खायचो!"

सगळे खदखदून हसले.

"आमच्या गावालाबी असाच डोह होता, मावशे," दहीभातवाला म्हणाला. "आता नुसती रेती." त्यानं डबा फिरवला. मीही घासभर खाल्ला. इतका गोड दहीभात मी परत खाल्ला नाही. अन् भाषण? पार विसरले!

गटाबरोबर आलेल्या बद्रीनाथकाकांनी डोळे पुसले, खिशातून बिल्ला काढला आणि थेट माझ्या दिशेनं आले. मी ओढणी नीट केली. मान ताठ!

"सरक बरं जरा," काका म्हणाले आणि बिल्ला आवडाबाईंच्या पदराला लावला!

आता दर रविवारी त्या बोलतात आणि मी त्यांचा माईक धरते. ऐकता ऐकता हात कधी खाली जातो, माझं मलाच कळत नाही. मग मागून कुणीतरी खेकसतं, "ए पोरी, माईक वर!"