एक नंबरचं लेबल

"यादी कुठे ठेवायची, सर?" क्षितिजनं विचारलं.

विमा कंपनीच्या कोलकाता कार्यालयात श्यामकांत टिल्लू रेकॉर्ड विभागाचे प्रमुख होते, आणि क्षितिज तिथे ई-मेलचं नवं सॉफ्टवेअर बसवायला आला होता. मुंबईच्या मुख्यालयासकट सगळ्या कार्यालयांच्या आपापसातल्या पत्रांना त्यात एक ते पाच नंबरांचं लेबल लावता येत होतं. पत्राबरोबर जायचा तो फक्त नंबर. कुठल्या नंबराचा अर्थ काय, ही यादी एकतर सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच. नाहीतर ज्याची त्याच्या कॉम्प्युटरवर.

सव्वीस वर्षांच्या नोकरीत टिल्लूंना कुणी मत विचारलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "ज्याची त्याच्याकडे. माणसाला एवढं तरी स्वातंत्र्य हवं!"

स्वतःच्या यादीत त्यांनी एक नंबर दिला 'अतितातडीचे'ला.

पुढच्याच आठवड्यात मुंबईच्या मुख्यालयातून पत्र आलं. तपासणीसाठी दत्तात्रय कर्णिकसाहेब सोमवारी दुपारी हावड्याला उतरणार होते. जुन्या फायली सालवार लावून ठेवायच्या होत्या. टिल्लूंची नागपूरची बदली या तपासणीवर अडली होती, आणि त्यांच्या पत्नी प्रेमलताबाईंनी तर भावाला नागपुरात घरं बघायलाही पाठवलं होतं. टिल्लूंनी ते पत्र हाताखालच्या सानिका आणि दिलीपबाबूंना धाडलं, कर्णिकांना 'आपलं स्वागत आहे' असं कळवलं, तिन्ही पत्रांना एक नंबर लावला आणि ते निर्धास्त झाले.

सोमवारी सकाळी ते हसतमुखानं आले. "काय सानिका, लागल्या फायली?"

"कुठल्या फायली, सर?"

"अगं, पत्र पाठवलं होतं ना! एक नंबर लावून!"

"हो की. एक नंबर म्हणजे माझ्याकडे 'काम झालं'. मला वाटलं, सर किती चांगले, आम्हाला त्रास नको म्हणून स्वतःच उरकलं!"

तेवढ्यात बराकपूरच्या लोकलनं सियालदहला उतरून दिलीपबाबू घाम पुसत आले. टिल्लूंनी त्यांच्याकडे आशेनं पाहिलं.

"माझ्याकडे एक म्हणजे 'जेवणानंतर', साहेब," दिलीपबाबू शांतपणे म्हणाले.

"कुठल्या दिवसाच्या जेवणानंतर?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

टिल्लूंच्या तोंडचं पाणी पळालं. तिघांनी कपाटं उघडली. घाईघाईत वरचा गठ्ठा खेचला, तर त्याच्यामागून सात गठ्ठे आले, जुनी सुतळी तुटली आणि बावीस वर्षांचे कागद जमिनीवर एकमेकांत मिसळले. "ती यादी आधी सर्व्हरवर टाक!" टिल्लू फोनवर क्षितिजवर ओरडले. त्यानं तत्परतेनं टाकली. पण सर्व्हरनं नेमकी दिलीपबाबूंचीच यादी उचलली, आणि विभागातली सगळी तातडीची पत्रं जेवणानंतरची झाली.

शेवटी कागदांच्या ढिगाकडे पाठ फिरवून टिल्लू फेरीबोटीनं हावड्याला पोचले. गाडी आली. डबे रिकामे झाले, हमाल पांगले. कर्णिक काही उतरले नाहीत. तेवढ्यात फोन वाजला.

"टिल्लू, कर्णिक बोलतोय. अहो, रागावू नका हं. मी मुंबईतच आहे."

"मुंबईत?"

"तुमच्या पत्रावर एक नंबर होता ना? माझ्याकडे एक म्हणजे 'रद्द'. मी पत्र उघडलंच नाही, तिकीट तेवढं परत केलं. आज उघडून बघतो, तर तुम्ही स्वागत करताय! तुमची सगळी तयारी वाया घालवली मी. पुढच्या महिन्यात आलो तर चालेल?"

टिल्लू सामानाच्या ढकलगाडीवर मटकन बसले.

"चालेल काय सर, पळेल!"

"फायली अगदी तयार असतील, नाही?"

"जवळजवळ. शेवटचा हात तेवढा फिरवायचाय."

"वा! आणि हो, सगळ्यांची एकच यादी सर्व्हरवर ठेवावी, असं इथं चाललंय. तुम्हाला काय वाटतं?"

टिल्लू ढकलगाडीवरून उठले.

"आम्ही आजच ठेवली, सर," ते म्हणाले. "मुख्यालयानं मात्र मुळीच घाई करू नये."